शिवपुत्र जॉबरचा संगणक

कबनूरच्या वाचनालयात पूर्णिमाने एक कागद चिकटवला होता. ‘जुना संगणक फेकू नका. त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली मोफत बसवून मिळेल. दर रविवारी, दहा ते एक.’ ती कोल्हापुरात एका कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत नोकरीला होती आणि रविवारी माहेरी कबनूरला यायची. पहिले तीन रविवार कोणी फिरकलं नाही. चौथ्या रविवारी पन्नाशीची एक बाई दाराशी चप्पल काढून आत आली आणि कागदावर बोट ठेवून म्हणाली, “लोक सांगालेत हे मोफत हाय. म्हंजे खरंच मोफत?”

“व्हय की.”

“माझ्या मालकास्नी दिसत न्हाय. त्यास्नी चालंल?”

बाईचं नाव मल्लव्वा. तिचा नवरा शिवपुत्र शेजारच्या इचलकरंजीत सत्तावीस वर्षं जॉबर होता. माग बिघडला की तो चालू करून देणारा माणूस. साखरेनं आधी त्याचा उजवा डोळा नेला, मागच्या वर्षी डावाही. तरी मागांचे शेडवाले त्याला फोन करायचे. तो म्हणायचा, फोन मागाजवळ धरा. खडखडाट ऐकून तो दोष सांगायचा आणि बहुतेकदा बरोबर सांगायचा. पण ज्याच्याकडे तो शेवटी कामाला होता त्या बसवेशने जुने माग काढून बिनधोट्याचे रॅपियर माग आणले, आणि शिवपुत्रचे कान त्या मागांपुढे अडले. त्यांची दीडशे पानांची हिंदी पुस्तिका त्यानं झेरॉक्स करून आणवली होती. वाचून कोण दाखवणार? मल्लव्वा कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली.

“चालंल,” पूर्णिमा म्हणाली. खरं तर न दिसणाऱ्या माणसासाठी तिनं कधी काही बसवलं नव्हतं. त्या आठवड्यात ती रोज प्रयोगशाळेत संगणकाचा पडदा बंद ठेवून, नुसत्या आवाजावर संगणक चालवायला शिकली. पहिल्या दिवशी तिला साधी एक फाईल उघडायला वीस मिनिटं लागली.

पुढच्या रविवारी ती मल्लव्वाच्या घरी गेली. पुतण्यानं दिलेला संगणक टेबलावर होता, शेजारी त्याच्याच घरचा स्कॅनर. संगणकाची मेमरी कमी होती, म्हणून पूर्णिमानं प्रयोगशाळेत बदलून निघालेली एक पट्टी मागून आणली होती. तिनं संगणकाच्या डब्याचं झाकण काढलं, तसा शिवपुत्र खुर्ची सरकवून जवळ आला.

“हात लावू?”

“आण्णा, नाजूक असतंय आतलं.”

“पोरी, चालू मागात हात घातलाय मी.”

अंगातली वीज उतरावी म्हणून तिनं त्याला आधी डब्याच्या पत्र्याला हात टेकवायला सांगितलं, मग पट्टी हातात दिली. त्यानं ती बोटांनी दोनदा चाचपली. मग आत बसलेली जुनी पट्टी चाचपली, तिच्या शेजारची मोकळी फट शोधली.

“खाच मधोमध न्हाय. उलटी बसूच नये म्हणून केलीय. करणारा शाणा हाय.” त्यानं दोन्ही अंगठ्यांनी पट्टी दाबली. टक् असा आवाज झाला आणि दोन्ही बाजूंचे चाप आपोआप वर आले.

त्यानंतरचं सगळं पूर्णिमानं केलं. पेनड्राइव्हवरून लिनक्स बसवलं, पडद्यावरचं वाचणारा आवाज चालू केला, स्कॅनर लागेना तेव्हा इंटरनेटवर शोधून तोही लावला. तिची बोटं भराभर चालत होती. संगणक पहिल्यांदा मराठीत बोलला तेव्हा मल्लव्वा दचकली. “थंडी वाजल्यागत बोलालंय की हे!” ती म्हणाली आणि तोंडावर पदर घेऊन हसली. शिवपुत्र हात मांडीवर ठेवून नुसता बसला होता. पूर्णिमाला वाटलं, तो भारावला असेल. ती खुशीत घरी गेली.

बुधवारी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन वाजला.

“आवाज गेला,” शिवपुत्र म्हणाला. “सकाळपासनं मुकं झालंय.”

“मी रविवारी आल्यावर बघूया की आण्णा.”

“रविवारपातूर मी काय भिंतीकडं तोंड करून बसू?” त्याचा आवाज इतका चढला की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी वळून पाहिलं. “तू आलीस, टकाटका कळा दाबल्यास, गेलीस. कुठली दाबलीस, कशापायी दाबलीस, एक शबुद सांगितला न्हाईस. मी नवा पोरगा हाताखाली घेतला तर आधी त्याच्या हातात पाना द्यायचो. तू मला पाहुण्यागत बसवून ठिवलंस!”

पूर्णिमाच्या हातात घास तसाच राहिला. राग आला, आणि रागाच्या मागोमाग लाजही वाटली. कारण तो म्हणत होता ते खरं होतं. तिला काम संपवायचं होतं. शिकवण्यापेक्षा करून टाकणं सोपं होतं.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “आत्ता करूया. डब्याच्या मागं हात घाला. स्पीकरची वायर कुठं गेलीय?”

“लोंबकळालीय. मल्लव्वानं झाडताना ओढली असंल.”

“तिथं तीन गोल भोकं असतील. एकेकात घालून बघा.”

पहिल्या भोकात काही झालं नाही. दुसऱ्यात पिन गेली तशी स्पीकरमधून बारीक घर्र आली. तेवढं फोनमधून पूर्णिमालाही ऐकू आलं.

“आता कळा. एफच्या कळीवर उंचवटा हाय, सापडला? तिथनं डावीकडची दुसरी कळ एस. आता खालची लांब पट्टी. तिच्या डावीकडची पहिली ऑल्ट, दुसरी सुपर. तिन्ही एकदम दाबा.”

“दाबल्या. काय बी न्हाय.”

“वाचणारा चालू होता, तो बंद झाला असंल. परत एकदा दाबा.”

मग थंडी वाजणारा तो आवाज आला, आणि त्यावर शिवपुत्रचा खणखणीत आवाज: “मल्लव्वा! आलं बघ!”

त्यानंतरच्या रविवारांना पूर्णिमा हात मांडीवर ठेवून बसायची. बोटं शिवशिवायची, पण ती कीबोर्डला शिवायची नाही. शिवपुत्र एकेक अक्षर चाचपून टाकायचा, संगणक ते बोलून दाखवायचा. स्कॅन केलेल्या पानातली हिंदी अक्षरं ओळखणारा प्रोग्राम त्यानं असाच, आज्ञा टाईप करून, पाऊण तासात उतरवून घेतला. मध्ये एकदा अक्षरं मागंपुढं झाली आणि संगणक इंग्रजीत काहीतरी पुटपुटला.

“शिवी दिली काय गं?”

“न्हाय. तुमचं बोलणं कळलं न्हाय म्हणतोय.”

“मग परत सांगतो त्याला.”

पाचव्या रविवारी त्यानं पुस्तिकेचं बाविसावं पान स्वतः काचेवर ठेवलं. कागद कोपऱ्याला नीट टेकवला, झाकण लावलं, आज्ञा दिली. संगणक पान वाचू लागला. शिवपुत्र मान खाली घालून ऐकत होता. एकाएकी त्यानं कळ दाबून आवाज थांबवला.

“काय म्हणाला? ऐंशी मिलीमीटर?”

“व्हय, अस्सी मिलीमीटर.”

“हुईलच कसं? दोरा देणाऱ्या आन् घेणाऱ्या चिमट्यांत ऐंशी मिलीमीटर फट ठिवली तर दोरा घेणार कोण? आठ असंल.”

पूर्णिमानं पान डोळ्यांजवळ धरलं. आकडा ८.० होता. झेरॉक्समध्ये मधला ठिपका जवळजवळ पुसला गेला होता, संगणकाला तो दिसलाच नव्हता. तिलाही दिसला नसता.

“आठच हाय, आण्णा.”

“म्हंजे ह्याला वाचता येतंय, पण माग कळत न्हाय,” शिवपुत्र म्हणाला. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं त्याला मोकळं हसताना पाहिलं.

दीडशे पानं संगणकात भरायला अजून महिना गेला. मल्लव्वा पानं क्रमाने हातात द्यायची, तो काचेवर ठेवायचा. संगणकाचं वाचणं ऐकत पानावर बोट फिरवता फिरवता तिला देवनागरी अक्षरं लागू लागली, आणि पुढं पुढं ती एकेक शब्द मोठ्यानं वाचून संगणकाचीच चूक काढू लागली.

एका शनिवारी सकाळी बसवेश दारात उभा राहिला. नव्या मागांपैकी एक माग तीन दिवसांपासून बंद होता. बाण्याचा आडवा दोरा निम्म्यात सुटत होता, आणि दुरुस्तीवाला पुढच्या आठवड्यात येणार होता. बसवेश सहज सांगायला आला होता, काही मागायला नाही.

“बस,” शिवपुत्र म्हणाला. त्यानं संगणक चालू केला, शोधायची कळ दाबली आणि एक शब्द टाईप केला. आवाज एका पानावरून दुसऱ्या पानावर गेला. बसवेश आ वासून बघत होता. शिवपुत्रनं एक परिच्छेद तीनदा ऐकला, मग दोन्ही हातांच्या बोटांचे चिमटे करून समोरासमोर आणले.

“डावा चिमटा दोरा देतोय, उजवा घेतोय. भेट मधोमध व्हाय पायजे. तुझी भेट सरकलीय. आधी उजव्याचा पट्टा बघ, ढिला झाला असंल. मग फट मोज. आठ मिलीमीटर.”

बसवेश गेला. दीड तासानं त्याचा फोन आला. त्याच्या मागं माग चालल्याचा आवाज होता.

“पट्टाच होता. उद्या सकाळी शेडवर या आण्णा. मोटरसायकलवरनं घिऊन जातो. रोजच या.”

मल्लव्वा चुलीवरचं सोडून दारात येऊन उभी राहिली होती.

“परवा येतो,” शिवपुत्र म्हणाला. “उद्या पूर्णिमा यायलीय. संगणकावरलं हे समदं पुसायचं हाय आणि पहिल्यापासनं माझ्या हातानं बसवायचं हाय.”

“चाललंय की झकास! पुसता कशाला?” बसवेशनं विचारलं.

“तिनं बसवलंय म्हणून.”

रविवारी पूर्णिमानं पुस्तिकेची सगळी पानं आधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवायला लावली. मल्लव्वानं ती दोनदा मोजून घेतली. मग शिवपुत्रनं लिनक्सचा पेनड्राइव्ह चाचपत लावला, संगणक पुन्हा चालू केला, तीन कळा एकदम दाबल्या. आवाज बोलू लागला. भाषा, कीबोर्ड, वेळ. प्रत्येक प्रश्नाला तो थांबायचा, उत्तर द्यायचा. शेवटी आवाजानं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसायचं का?

त्यानं मान पूर्णिमाकडे वळवली. तिचे हात मांडीवरच होते.

“पुस,” तो संगणकाला म्हणाला, आणि त्यानं एंटर दाबलं.