तांबं पिणारं झाड

तामलवाडीच्या महादेवाच्या देवळापुढं एवढी गर्दी जमली होती, की एसटीवाल्यानं हॉर्न दाबून धरला तरी कुणी जागचं हललं नाही. मधोमध ताम्रनाथ बाबा. त्यांच्यापुढं कुंडी आणि कुंडीत एक मरतुकडं झुडूप.

"तांब्याच्या खाणीची माती हाय ही!" बाबा गरजले. "तिथं कुसळ उगवत न्हाय. पन ही माउली मुळांनी तांबं पिते, पानात साठवते! रक्त कमी? हाडं दुखतात? एक प्याला, काम फत्ते!"

त्यांनी पानं ठेचली, भोपळ्याच्या कमंडलूतलं तीर्थ ओतलं, हिरवागार रस गाळला. रसात घासलेला लोखंडी सुरा बुडवून मंत्र पुटपुटले. सुरा बाहेर काढला तर पातं तांबडंलाल!

"हर हर महादेव!" गर्दी ओरडली.

आ तर माझाही वासला होता. कारण अर्धी गोष्ट खरी! झाडं मातीतले धातू शोषतात, खाणीच्या मातीत तर जास्तच, हे आमच्या शांतलिंग सरांनी वर्गात शिकवलं होतं. पण ते इतकं थोडं, की प्रयोगशाळेतच कळणार. इथं तर आख्खा सुरा रंगला! झुडूप होतं का तांब्याचा कारखाना?

तेवढ्यात माझे राजशेखर काका शिवगंगा काकूंना घेऊन पुढं घुसले. काकूंना सातवा महिना, अंगात रक्त कमी.

"बाबा, पयला प्याला हिला द्या."

काकांना बघितलं आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. काकांची द्राक्षबाग आहे. बुरशीवरच्या फवारणीसाठी मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना पाण्यात कालवून बोर्डो मिश्रण केलं, की ते त्यात विळा बुडवतात. विळ्यावर लाली चढली तर चुना कमी पडला. आणखी घालायचा, नाहीतर वेलीची पानं जळतात. दर हंगामात हे करणारा माणूस लाल सुऱ्याला हात जोडून उभा!

"काकू, पिऊ नका!" मी किंचाळले.

"पोरी, शाप लागंल," बाबा म्हणाले.

"लागू द्या. तशीही सोमवारपासून परीक्षाच आहे."

मी कुंडीतली पानं स्वतः तोडली, माझ्या बाटलीतल्या पाण्यात ठेचली. एकाचं खुरपं दगडावर घासून त्यात बुडवलं. काही नाही!

"तुझ्यात श्रद्धा न्हाय!"

"बरं, मग तुमचाच रस घेऊ." शेजारी उभ्या म्हाताऱ्या वीरप्पा अज्जांच्या चंचीतली चुन्याची डबी मी बाबांच्या प्याल्यात अख्खी रिकामी केली.

"अगं, माझा तंबाखूचा चुना!" अज्जा कळवळले.

मी ढवळलं. रस फाटला, तळाला निळसर गाळ बसला. पुन्हा घासलेलं खुरपं बुडवलं. कोरं ते कोरंच.

काकांनी प्याल्यात डोकावलं. "आयला, हे तर बोर्डो हाय!"

"व्हय रे बाबा, आमी काय द्राक्षं हाव?" मागून कुणीतरी ओरडलं. "आमच्यावर डावणीची बुरशी पडली व्हय?"

हशा पिकला. काका मात्र पांढरेफटक पडले. "म्या हिला मोरचूद पाजत होतो..."

काकूंनी कमंडलू उचलला आणि बाबांपुढं धरला. "महाराज, तीर्थ आदी तुमी घ्या."

"आमचा... आज उपास हाय."

"पान्याला कसला उपास?"

बाबा कुंडी बगलेत मारून निघाले, पण गावानं त्यांना पारावर बसवलं आणि पोलिसांना फोन लावला. काका काकूंना घेऊन थेट दवाखान्यात.

तर युक्ती अशी: मोरचूद झाडात नव्हता, तीर्थात होता. पानांच्या हिरव्या रंगात त्याचा निळा रंग लपला. अशा पाण्यात लोखंड बुडवलं की तांबं त्यावर आपोआप चढतं. मंत्राऐवजी पाढे म्हणा, तरी चढतं. पुरेसा चुना घातला की तेच तांबं गाळ होऊन तळाला बसतं, मग चढत नाही. आणि मोरचूद पोटात गेला तर ते विष.

झाडं धातू ओढतात, हे खरंच. म्हणून तर खाणीच्या मातीतला पालासुद्धा तपासल्याशिवाय तोंडात घालू नये. चमत्कार दिसला तर खुशाल बघा. फक्त हात जोडायच्या आधी विचारा: पान कुणी तोडलं, पाणी कुणी ओतलं, आणि पहिला घोट कोण घेणार?