कोपऱ्याचा गडी

पुनाने डोक्याचं मुंडासं सोडून निंबाच्या मुळाशी टाकलं आणि टाचा वर केल्या. समोर मैदानाच्या मधल्या रेघेवर त्याचा मुलगा रुपचंद वाकून उभा होता. एक हात मातीला, दुसरा मांडीवर. हुतुतूचा खेळ संपत आला होता आणि पांझरा कॉलेजचा संघ आपल्याच धुळ्यात, आपल्याच मैदानावर, जळगावच्या पोरांपुढे मागे पडला होता.

"आते जास का नही हाऊ?" अमीन म्हणाला. अमीन टांगा हाकायचा. टांगा रस्त्याच्या कडेला सोडून तो प्रत्येक सामन्याला पुनाजवळ येऊन उभा राहायचा.

"दम भरी ऱ्हायना."

"मना घोडा बी इतला दम नही भरस."

"तुना घोडा कॉलेजमा नही जास."

अमीन हसला. पुना हसला नाही. त्याचं सगळं लक्ष त्या रेघेवर होतं.

निंबाखालची जागा पुनाला कोणी नेमून दिली नव्हती. पहिल्या सामन्याला तो तिथं उभा राहिला आणि मैदानाभोवतीच्या दोरीजवळच्या गर्दीतलं कोणी 'इकडं ये' म्हणालं नाही, एवढंच. पुना महार. जिनात, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, गाठी वाहणारा. त्याच्या वस्तीतून कॉलेजात गेलेलं पहिलं पोरगं त्याचं, आणि ते पोरगं कॉलेजच्या संघात होतं. खादी घालणाऱ्या खेळाच्या मास्तरांनी त्याला घेतलं होतं. घेतलं तेव्हा चार लोक कुरकुरले. पण रुपचंद खेळायला उतरला आणि संघ जिंकायला लागला. जिंकणाऱ्या संघापुढे कोण कुरकुरतो?

पुनाला या खेळातलं एकच कळायचं. आपला मुलगा 'हुतुतू' म्हणत पलीकडच्या अंगणात शिरतो, दोनतीन जणांना शिवतो आणि दम तुटायच्या आत रेघेवर परत येतो. त्याला आजवर कोणी धरलं नव्हतं. पाचोऱ्याला नाही, चाळीसगावला नाही. तो आत शिरला की पुढची दांडगी पोरं भराभरा मागे सरायची, काही तर घाईत चुन्याच्या रेघेबाहेर जाऊन बाद व्हायची. मना पोऱ्या वारा शे, पुना जिनात सांगायचा. वाऱ्याले कोणी धरस का? हे त्याने वस्तीत सांगितलं, अमीनला सांगितलं, अमीनच्या घोड्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं.

आणि दुसऱ्या संघाचा गडी चढाई करत आला की धुळ्याची पोरं एकमेकांचे हात धरून साखळी करायची. रुपचंद त्या साखळीत नसायचा. तो कोपऱ्यात एकटा उभा असायचा. "कोपऱ्याचा गडी मोकळाच बरा," असं मास्तर म्हणाले होते. पुनाला वाटायचं, शहाण्या पोराचा मान असेल तो.

आज जळगावच्या पोरांनी नेमका तो कोपरा हेरला होता. एकट्या माणसाला एकटं गाठायचं, त्यात कसलं कसब? त्यांचा प्रत्येक गडी तिकडेच शिरत होता, आणि शेजारचा हात मिळाला असता तर जो अडला असता तो निसटून जात होता.

रुपचंद उठला आणि आत शिरला.

'हुतुतूतूतूतू' असा एकसुरी आवाज मैदानावरून निंबापर्यंत आला. पुना ओठ हलवून स्वतःही दम धरून होता. रुपचंद डावीकडे झेपावला. एकाला शिवला. उजवीकडे वळला. तिथं जळगावचा धनसिंग उभा होता, रुंद छातीचा, कानात बाळी घातलेला.

धनसिंग मागे सरला नाही.

तो खाली बसला आणि त्याने रुपचंदचा घोटा दोन्ही हातांनी पकडला. रुपचंद आपटला. मग बाकीचेही त्याच्या अंगावर पडले. कोणी कमरेला मिठी मारली, कोणी पाठीवर गुडघा दिला, कोणी मान दाबली. ढिगाखालून एक हात बाहेर आला आणि रेघेकडे सरकला. बोटं मातीत रुतली. रेघ वीतभर लांब राहिली आणि आवाज तुटला.

मास्तरांनी शिट्टी वाजवली. सामना गेला.

धुळेकरांच्या गर्दीतला एकेक जण भुईमुगाची टरफलं झटकत उठायला लागला. संघाचा कप्तान भाईदास, सराफाचा मुलगा, त्याने चुन्याच्या रेघेला लाथ मारली. पांढरी धूळ उडाली. पुना अजून टाचा वर करूनच उभा होता. खाली कसं यायचं ते त्याला सुचत नव्हतं.

दोरीजवळची दोन कॉलेजची पोरं निंबाखालून रस्त्याकडे निघाली होती.

"यांनी धरलं कसं पण त्याला?"

"जळगावच्यांना काय माहीत तो कोण ते."

"सांगायला हवं होतं राव कुणीतरी."

"पाचोऱ्याला तर आपण उतरायच्या आधी गावभर झालं होतं. आठवतंय ना, कसे पळत होते?"

एकाने अंग चोरून, दोन्ही हात वर करून मागे सरणाऱ्या माणसाची नक्कल केली. दुसरा हसला. पुना त्यांच्या हाताच्या अंतरावर होता. त्याच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

पुनाच्या टाचा जमिनीला लागल्या.

हात वर करून, अंग चोरून मागे सरणं. हे तर त्याच्या रोजच्यातलं होतं. विहिरीवर बायका, दुकानाच्या ओट्याशी गिऱ्हाइकं, जिनाच्या फाटकात शेठचा मुनीम, सगळे असेच मागे सरायचे. जन्मभर जे बघितलं ते मैदानावर बघितल्यावर त्याला ओळखू आलं नव्हतं. मैदानावर त्याला टाळ्या पडत होत्या म्हणून. आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या त्याच्या स्वतःच्या होत्या.

"अमीन."

"काय?"

"आजलोंग त्याले कोणी धरं नही."

अमीन चाबकाच्या दांड्यावरची सुतळी घट्ट करायला लागला.

"तुले माहीत व्हतं?"

"माले खेळमातलं काय समजस, भो."

"तुले माहीत व्हतं."

अमीनने सुतळी सोडली. "तू टाळ्या वाजाडस तव्हय कसा दिखस, ते तुले माहीत नही," तो म्हणाला. "माले माहीत शे. मी कसं सांगू?"

पुनाने मैदानाकडे बघितलं. जळगावची पोरं ढिगातून उठून अंग झटकत होती. धनसिंग अजून खालीच बसला होता. त्याने उठून हात पुढे केला, रुपचंदला ओढून उभं केलं आणि त्याच्या पाठीवरची माती तळव्याने झटकली. चांगले दोनतीन फटके मारून, गोणी झटकावी तशी. काहीतरी म्हणाला. मग जळगावच्या सामानातला पितळी लोटा उचलून स्वतः प्यायला आणि तोच लोटा त्याने रुपचंदपुढे धरला.

रुपचंदने लोटा हातात घेतला. क्षणभर नुसता धरून ठेवला. मग तोंडाला लावला.

आणि तो हसत होता. हरला होता, दुखऱ्या घोट्यावर लंगडत होता आणि दात दिसतील इतका हसत होता. सामना जिंकून घरी आल्यावर हा पोरगा भिंतीकडे तोंड करून पडायचा. पुनाला वाटायचं, दमलाय.

त्या कानात बाळी घातलेल्या पोराजवळ जावं, त्याला काहीतरी म्हणावं, असं पुनाला वाटलं. काय म्हणावं? माझ्या मुलाला पाडलंस, बरं केलंस?

दोरी ओलांडून तो मैदानात उतरला. मुंडासं निंबाखालीच राहिलं.

"कोठे जास रे?" मागून अमीन म्हणाला.

पुना तोंडातल्या तोंडात एक शब्द घोळवत चालला होता. नमस्कार. कॉलेजात नाव घातलं त्या दिवशी रुपचंदने त्याला बजावलं होतं. आबा, आते जोहार घालू नको कोनले. नमस्कार म्हण. नही जमनं ते गप ऱ्हाय. जोहार ऐकला की महार ओळखू यायचा. पुनाने जिनाच्या भिंतीपुढे उभं राहून तो शब्द पाठ केला होता. गाठी वाहताना म्हटला होता. कापसाच्या गाठीला म्हणताना तो बरोबर यायचा.

नमस्कार. नमस्कार.

तो जवळ पोचला तसा धनसिंग वळला. उंच, गोरा, पाटलाच्या वाड्यातून उतरावा तसा. त्याने पुनाकडे सरळ बघितलं. कोणीतरी म्हातारा माणूस आला म्हणून आदराने बघितलं. तसं पुनाकडे कोणी बघत नसे. त्या नजरेपुढे उभं कसं राहायचं ते त्याच्या अंगाला ठाऊक नव्हतं. अंगाला जे ठाऊक होतं तेच अंगाने केलं. कंबर वाकली. उजवा हात मातीला लागून कपाळाला गेला.

"जोहार, मायबाप."

शब्द निघून गेला. पुना वाकलेलाच राहिला.

धनसिंगने पुनाकडे बघितलं, मग रुपचंदकडे.

"हा तुझा कोण?"

रुपचंदच्या हातात अजून लोटा होता. त्याला म्हणता आलं असतं, ओळखीचा नाही. म्हणता आलं असतं, जिनातला गडी आहे कोणी. त्याने लोटा खाली ठेवला, नीट, सांडू न देता.

"बाप," तो म्हणाला.

धनसिंगने शिवी दिली नाही. त्याने आपल्या तळव्यांकडे बघितलं. त्याच्या संघातला एक थोराड गडी मास्तरांना म्हणाला, "मास्तर, हे आधी सांगायचं होतं तुम्ही." मास्तर शिट्टीच्या दोरीला पडलेली गाठ सोडवत होते. ती गाठ त्यांनी बराच वेळ सोडवली.

मैदानाच्या उतारापलीकडे पांझरा नदी होती. जळगावची पोरं उतारावरून खाली गेली. पौषातली सांज, नदीवरून बोचरा वारा येत होता. घाम धुवायला माणूस हातपाय धुतो, सदरा काढतो. यांनी सदरे काढले नाहीत. कपड्यांसकट पाण्यात बसले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. धनसिंग काठावर थोडा वेळ उभा राहिला. मग कोणीतरी त्याला हाक मारली, आणि तोही उतरला.

लोटा मैदानात पडून होता. तो कोणी परत न्यायला आलं नाही.

रुपचंद खाली बसला. पुनाही त्याच्यापासून थोडं अंतर ठेवून बसला. इतका वेळ पाठ केलेला शब्द आता तोंडात आयता येऊन बसला होता.

भाईदास आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. तो दोघांपासून दोन पावलं अलीकडे थांबला.

"रुपचंद, मनावर घेऊ नको. एक सामना गेला तर गेला. परतीचा सामना जळगावलाच आहे." त्याने नदीकडे मान वळवली. थंडीने कुडकुडत पोरं ओले कपडे पिळत होती. "तो आता आपलाच समज."

रुपचंद त्या ओल्या कपड्यांकडे बघत राहिला.

"पुना," भाईदास म्हणाला, "तू पण चल जळगावला. आगगाडीचं तिकीट संघ काढेल. मी मास्तरांना सांगतो." तो जायला वळला आणि पुन्हा थांबला. "फक्त एवढं कर. सामना सुरू व्हायच्या आधी ये. आज आलास तसा शेवटी नको."

तो गेला. मास्तरांजवळ जाऊन काहीतरी बोलला. मास्तरांनी मान हलवली. हो म्हणाले की नाही, ते इकडून कळलं नाही.

निंबाखाली अमीन पुनाचं मुंडासं हातात घेऊन उभा होता. तो मैदानात आला नाही.

"आबा," रुपचंद म्हणाला.

पुनाने मान वर केली नाही. शिव्या येतील म्हणून तो वाट बघत होता. येऊ देत, असं त्याला वाटत होतं.

"थंडी शे. मुंडासं बांधी ले."

पुना उठला नाही. तो मुलाच्या पायाकडे बघत होता. घोट्याभोवती लाल वळ उठले होते, बोटांचे, एकेक वेगळं दिसेल असे. घोटा चोळायला त्याने हात पुढे केला तसा रुपचंदने पाय जवळ ओढून घेतला.

"राहू दे, आबा. आते नको."

मग त्याने आपलीच बोटं त्या वळांवर ठेवून पाहिली. एकेक करून, जपून. ती नीट बसली नाहीत. धनसिंगचा हात मोठा होता.