तेहतीसचे बाबा

तेहतीस

दिघोरीत माणूस गेला की आधी लाकडं सांगत, मग मारोतरावाला. त्याच्याकडे एक कर्णा होता, एक मशीन होती आणि एक छोटी तबकडी. मशीनची वेगाची खिट्टी तेहतीसवर अडकलेली, घेतली तेव्हापासूनच. कर्णा पिंपळावर चढे, तबकडी फिरू लागे, आणि आतून कुणी बाबा गात. खोल. जड. विहिरीच्या तळाशी बसून गावं तसं. शब्द एकही लागत नसे, म्हणून ते भजनच असणार असं गावानं धरून चाललं होतं. मधूनमधून बाबा हॉ... हॉ... हॉ... असा उसासा टाकत. तिथं बायका हमखास रडत.

बापाच्या मयतीत मारोतरावाला रडू फुटलं नव्हतं. बाबांनीच त्याच्या वाटचं रडून घेतलं. तेव्हापासून तो लेबलावर कुंकू लावी. इतकं की खालचं नाव नि आकडा कधीच बुजून गेले. आपल्या वेळीही बाबाच असावेत, एवढंच त्याचं मागणं.

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर काही वर्षांनी मशीन जळाली.

"अजी, मशीनच नाही तं बाबाले काय चाटता?" त्याची बायको शकुनबाई म्हणाली. "इकून टाका."

भंडाऱ्याहून टेकचंद आला. जुन्या तबकड्यांचा शौकीन.

पंचेचाळीस

टेकचंदनं कुंकू पुसलं लेबल वाचलं आपली बॅटरीवरची मशीन उघडली खिट्टी सरकवली सुई टेकवली आणि ओट्यावर एक बाई नाचायलाच लागली म्हणजे दिसत नव्हती पण नाचत होती बोकडानं जावयाचं धोतर खाल्लं आता जावई मांडवात येतो कसा असं विचारून खदाखदा हसत होती आणि तिचं हसू जिथं जिथं येई तिथं तिथं मारोतरावाला बापाची तिरडी दिसे

"हे कोन बाई होय?"

"तुमचे बाबा," टेकचंद म्हणाला. "काका, हे पंचेचाळीसची तबकडी. तुमी जिंदगीभर ब्रेक दाबून गाडी चालवली."

"आन् बाबा?"

"बाबा नाहीतच."

शकुनबाई पदरात तोंड घालून हसत होती. एकाएकी थांबली. "मंग माहा बाप कायच्यावर गेला? बोकडावर?"

संध्याकाळपर्यंत परसराम पाटलानं पारावर ठराव मांडला, की झालेल्या सगळ्या मयती चुकीच्या चालीवर गेल्या, त्या पुन्हा काढाव्या. तिरड्यांवर कोणाला झोपवायचं, यावर ठराव अडला.

मारोतरावाच्या शेजारच्या अंगणातल्या खाटेवरून जख्ख म्हातारी जनाबाई ओरडली, "मारोत्या! मी गेली का हेच लाव. तो बुढा मले नाही पाहिजे. लय रडका होता."

"घेऊन जा बापा," मारोतरावानं तबकडी टेकचंदच्या हातात कोंबली.

बोट

जनाबाई त्याच आठवड्यात गेली. तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. विकलेली तबकडी उसनी मागावी लागली. टेकचंद मशीन घेऊनच आला आणि ओरखडा पडू नये म्हणून जवळ बसून राहिला.

पिंपळाखालून तलावाची पाळ सगळी दिसे. गाणं सुरू झालं तशी खांदेकऱ्यांची पावलं उचलली. मग दुडकी चाल. मग सरळ पळणंच. जनाबाई खांद्यावर उडत होती, मडकं धरलेला नातू कुठल्या कुठे मागं राहिला.

मारोतरावानं तबकडीच्या कडेवर बोट टेकवलं. हलकेच.

बाई जड झाली. बाबा आले.

हॉ...

पाळीवर सगळे मंदावले.

हॉ...

"काका, बोट काढा, खराब होऊन राहिली!"

"थांब ना भाऊ." मारोतराव तबकडीवर वाकला. "बाबा बोलून राहिले."

त्यानं बोट दाबलं. खांदेकरी एकेक पाय वर धरून उभे राहिले.

"अजी!" शकुनबाई ओरडली. "म्हातारीले उनात काहून उभं केलं? तिची मयत होय, तुमची नाही!"

मारोतराव रडला. बापासाठीचं, जुनं. मग त्यानं बोट उचललं.

बाई हसली, आणि जनाबाई पाळीच्या वळणावरून पळत गेली.