डावी मूठ

एस्सूबी हॉस्पिसचा दर्जा काय आहे, हे टेकडीवरच्या लोकांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. जिथे डॉक्टर हात टेकतात, तिथून पुढे निदान दुखणं तरी थांबवणारी ही माणसं. गावाचं मत असं, की संस्था उत्तम असणार, कारण तिथून परत येऊन कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. नाक्यावरचा सुतार कासोझी तर एस्सूबीची पांढरी मोटरसायकल कुठल्या घराकडे वळते ते बघून फळ्या निवडायला घ्यायचा. एखाद्या घरी ती बरेच महिने जात राहिली, की तो परिचारिकेला वाटेत अडवून काळजीनं विचारायचा, "काय हो सिस्टर, तिथं काय अडलंय?"

पण गावाचं मत सरकारदरबारी चालत नाही. तिथे कंपालाहून आलेला मूल्यमापक लागतो. तो गुरुवारी येणार असा निरोप आला आणि संचालक म्पागींच्या अंगात आलं. भिंती रंगल्या. अंगणातल्या दगडांना चुना लागला. स्वयंपाकिणीला पांढरी टोपी मिळाली आणि ती घालून तिचं डोकं खाजायला लागलं. 'रुग्णाचे हक्क' असा मोठा फलक इंग्रजीत रंगवून संडासाच्या वाटेवर लावला गेला, कारण साहेब दुसरीकडे कुठे जावो न जावो, चहानंतर तिकडे नक्की जाणार, असा म्पागींचा हिशेब होता. माणूस तसा वाईट नव्हता. परवाना गेला तर हिरवं औषध बंद होईल आणि टेकडीपलीकडच्या साऱ्या रुग्णांना तोंडात बोळा घालून मरावं लागेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्या भीतीनंच त्याची मती फिरली होती.

हिरवं औषध म्हणजे मॉर्फिन. हिरव्या रंगाचं कडू पाणी, प्यायच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून घरोघरी पोचवायचं. ते पोचवण्याचं काम परिचारिका नान्योंजोचं. ती घरी जाई, वडीलधाऱ्यांपुढे रीतीप्रमाणे गुडघे टेकून नमस्कार करी, आणि मग विचारी, "दाखवा बरं, किती दुखतंय?" रुग्णानं हातानं सांगायचं. मिटलेली मूठ म्हणजे दुखत नाही. एक बोट म्हणजे थोडं. पाचही बोटं उघडली, तर सहन होत नाही. ज्याला बोलायचं त्राण नाही तोही एवढं सांगू शकतो, आणि ज्याला बोलायची लाज वाटते तोही. बुगांडाच्या या मुलखात तर 'कसे आहात' म्हटलं की मरणाच्या दारातला माणूससुद्धा 'मी बरा आहे, तुमच्याकडे काय म्हणतंय' असंच म्हणतो. पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नसतं.

तिचा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात तापदायक रुग्ण म्हणजे एरिसा कायेम्बा. आयुष्यभर शाळा तपासनीस होता. कॅन्सर पाठीच्या कण्यात उतरला, तरी तपासणी सुटली नाही. नान्योंजोनं नखं कापली आहेत का ते तो पहिल्यांदा बघायचा, मग तिचा उशीर मोजायचा, आणि मगच तिला नाडी बघू द्यायचा.

"माझ्या हद्दीत सगळ्यात हुशार शाळा कुठली, सांगू?" तो एकदा म्हणाला होता. "टेकडीखालची मिशनची. मी प्रश्न विचारला रे विचारला, की सगळ्या वर्गाचे हात वर. एक पोर बसून नाही. आणि मास्तर ज्याला उठवेल त्याचं उत्तर बरोबर. तीस वर्षांत असं दुसरीकडे पाहिलं नाही."

नान्योंजो त्याच शाळेत शिकलेली. तिला हसू आवरेना.

"जज्जा, रागावणार नसाल तर सांगते," ती म्हणाली. जज्जा म्हणजे आजोबा. "ज्याला येतंय त्यानं उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्यानं डावा. तुम्ही येणार म्हटलं की मास्तर आठवडाभर तेवढंच शिकवायचे. ते फक्त उजव्यांना उठवायचे. माझा हात कायम डावा."

कायेम्बानं बोटांवर वर्षं मोजली. त्या शाळेला त्यानं ढालीवर ढाली दिल्या होत्या. मग तो असा हसला, की पाठीत कळ आली आणि बायको मीरिया धावत आली. "ऐकलंस का," तो तिला म्हणाला, "मला डाव्या हातानं जेवू घातलं ग यांनी. आणि वर मी ढेकर दिला."

तेव्हापासून ती दोघांची गंमत झाली. सूप चांगलं झालंय का, असं मीरियानं विचारलं की तो डावा हात वर करायचा. पाद्री येऊन 'मन शांत आहे ना' म्हणाले, तरी डावा. पाद्रींना ते काय ठाऊक, त्यांनी त्यावर आशीर्वाद दिला.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना औषधाचा ट्रक अडला. कंपालाहून निघालाय, निघतोय, निघेल, असं नुसतं ऐकू यायचं. एस्सूबीकडे मोजक्याच बाटल्या उरल्या. म्पागींनी त्या काचेच्या कपाटात ओळीनं मांडल्या, मागे रंगीत पाण्याच्या चार बाटल्या ठेवायचा विचारही केला, पण तेवढं त्यांचं मन धजलं नाही. कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"साहेब, कायेम्बांची बाटली संपत आली," नान्योंजो म्हणाली.

"गुरुवारपर्यंत पुरव. अर्धं अर्धं दे."

"औषध समोर दिसतंय आणि अर्धं देऊ?"

"समोर दिसायला हवं म्हणूनच तर!" म्पागी कळवळून म्हणाले. "तो कपाट उघडणार. रिकामं दिसलं की परवाना गेला. मग कुणाला अर्धं देशील? बोल ना. मला काय हौस आहे?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच तिला झोंबलं. शाळेतल्या पेटीची तिला आठवण झाली. नवी कोरी पुस्तकं त्या पेटीत असायची. तपासनीस आला की बाकांवर यायची, गेला की पुन्हा पेटीत. फाटतील म्हणून पोरांना कधी दिली नाहीत.

कायेम्बाला तिनं खरं ते सांगून टाकलं. तो चिडेल अशी तिला आशा होती. तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"म्हणजे पेटीतली पुस्तकं," तो म्हणाला. त्यालाही तेच आठवलं होतं; ती लबाडी त्यानं पुष्कळ शाळांत पकडली होती. "असू दे. तपासणीच्या दिवशी शाळा कशी दिसायला हवी, ते माझ्याइतकं कुणाला कळतं? मूल्यमापकाला माझ्याकडेच आण, म्हणावं म्पागीला."

म्पागी तेच करणार होते. इंग्रजी बोलणारा, टाय बांधणारा, साहेबाशी कसं वागावं हे जाणणारा रुग्ण दुसरा होताच कुठे?

गुरुवारी डॉक्टर बारीगये आले. शांत, उंच, दूर म्बराराकडचे, दुसऱ्या बोलीचे. पण इथली लुगांडा भाषा चांगली बोलत. त्यांनी चुन्याचे दगड पाहिले, टोपीवाली स्वयंपाकीण पाहिली, चहा घेतला आणि हिशेबाप्रमाणे फलकही पाहिला. कपाट उघडून बाटल्या बघितल्या आणि मान डोलावली. "इतर ठिकाणी औषधच नसतं हो," ते म्हणाले. "या बाबतीत तुम्हाला पैकीच्या पैकी." म्पागींचा चेहरा उजळला. नान्योंजोनं नजर जमिनीकडे वळवली.

मग सगळे बारीगयेंच्या गाडीतून कायेम्बाकडे निघाले. नाक्यावर कासोझीनं गाडी पाहिली, आत ड्रायव्हर सोडून तीन माणसं पाहिली आणि हातातला रंधा खाली ठेवला.

कायेम्बा उशांना टेकून बसवलेला होता. अंगात काळा कोट, गळ्यात टाय. पण नान्योंजोचं लक्ष टायच्या वर गेलं. ओठ पांढरे, कपाळावर घाम. मीरियाचे डोळे सुजलेले होते, तरी तिनं हसतमुखानं चटई अंथरली. पाहुणा आलाय, घरचं दुखणं उंबऱ्याबाहेर नेऊ नकोस, अशी तिला नवऱ्याची ताकीद असणार.

बारीगयेंनी आधी तिला विचारलं. परिचारिका वेळेवर येते का? येते. नीट बोलते का? मुलीसारखी. शेवटचा प्रश्न होता, "ही सेवा तुम्ही शेजाऱ्यापाजाऱ्यांना घ्यायला सांगाल का?"

मीरिया दचकली. "देवा! कुणाला सांगू?" मग जरा विचार करून म्हणाली, "तसे ते पलीकडचे केळीच्या बागेवाले आहेत. आमच्या हद्दीत खुंट सरकवतात. त्यांना सांगेन हवं तर."

बारीगयेंनाही हसू आलं. हसू ओसरल्यावर ते कायेम्बाकडे वळले. "आणि तुम्ही, सेबो? आता या घडीला दुखणं किती आहे? हातानं दाखवा." सेबो म्हणजे महाशय.

कायेम्बानं पाहुण्याकडे बघून मंद हसून हात वर केला. मूठ मिटलेली होती. हात डावा होता.

"शून्य!" म्पागी म्हणाले.

बारीगयेंनी क्षणभर पाहिलं. बुगांडातला वडीलधारा माणूस परक्यापुढे डावा हात करत नाही, एवढं त्यांनाही माहीत होतं. "उजव्या हातात जोर नाही का यांच्या?"

"वय झालं, साहेब," म्पागी घाईनं म्हणाले. "चला, अंधाराच्या आत रस्ता गाठायला हवा."

नान्योंजो गुडघ्यावर बसलेली होती, त्यामुळे ती मूठ तिच्या चेहऱ्यासमोरच होती. ज्याला दुखत नाही त्याची मूठ सैल असते. ही इतकी आवळलेली होती, की बोटांची पेरं पांढरी पडली होती. म्हातारा तिच्याकडे बघत नव्हता. शहाण्या पोरासारखा साहेबाकडे बघत होता. सगळ्या शाळेसाठी त्यानं हात वर केला होता, आणि ती गप्प बसली तर शाळा पास होणार होती. टेकडीपलीकडच्या सगळ्यांना औषध मिळणार होतं. याला तेवढं आजची रात्र काढायची होती. म्पागींचं गणित बरोबर होतं, म्हाताऱ्याचंही बरोबर होतं. तिला त्या दोघांचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण एवढा वेळ तीही डावाच हात वर करून बसली होती.

"जज्जा," ती म्हणाली, "उजवा."

कायेम्बानं मान हलवली. नको.

"जज्जा, मास्तर आता उजव्यांनाच उठवणार आहेत. उजवा हात दाखवा."

"सिस्टर, पुरे," म्पागी म्हणाले, पण बारीगयेंनी त्यांना हातानं थांबवलं.

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. डावा हात खाली आला. गोधडीखालून उजवा सावकाश वर आला, आणि एकेक करून पाचही बोटं उघडली. मीरियानं पदरासारखं अंगावरचं वस्त्र तोंडाशी धरलं.

"पण तुमच्याकडे औषध आहे," बारीगये म्हणाले. "मी सकाळी पाहिलं. गुणसुद्धा दिले."

"तुम्ही बघावं म्हणूनच ते तिथं आहे, साहेब," नान्योंजो म्हणाली. "प्यायला नाहीये."

मग म्पागींनी खिशातून किल्ली काढली. ती ड्रायव्हरला द्यावी की आपणच जावं, हे त्यांना क्षणभर कळेना. शेवटी ते स्वतः गाडीत बसून गेले. परत आले तेव्हा बाटली त्यांनी लहान मुलासारखी छातीशी धरली होती, आणि खोलीत येताच गुडघे टेकून ती म्हाताऱ्यापुढे ठेवली. पुरुषानं असं गुडघे टेकायचे नसतात. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

"पोरी," औषध घशाखाली उतरल्यावर कायेम्बा पुटपुटला, "सगळी शाळा नापास केलीस."

तितकी काही नापास झाली नाही. परवाना राहिला, पण तात्पुरता. पुढची तपासणी न सांगता होणार, असं बारीगयेंनी बजावलं. औषधाच्या बाबतीत गुण कापले, पार तळाशी नेले. 'रुग्णाशी संवाद' या एकाच बाबतीत पैकीच्या पैकी दिले. म्पागींनी तेवढंच वाक्य मोठ्या अक्षरांत लिहवून दर्शनी भिंतीवर लावलं, आणि ज्या परिचारिकेमुळे ते मिळालं तिच्याशी बोलणं टाकलं. काचेचं कपाट मात्र त्या दिवसापासून उघडंच राहिलं. बारीगयेंनी कंपालात कुणाचे कान उपटले ठाऊक नाही, पण ट्रक आठवडा सरायच्या आत आला.

नान्योंजो नवी बाटली घेऊन टेकडी चढली, तेव्हा कासोझीनं तिला अडवलं. "काय हो सिस्टर, तीन तीन माणसं येऊन गेली. मला वाटलं, झालं म्हणून. फळ्याही कापून ठेवल्या."

"ठेवा वाळत," ती म्हणाली. "ओलं लाकूड वाकतं."

कायेम्बा कोटाविना पडला होता. तिनं गुडघे टेकले.

"नखं?" त्यानं विचारलं. तिनं दाखवली.

"आम्हाला गुण किती मिळाले?"

तिनं सांगितले.

"मी असतो तर याहून कमी दिले असते," तो म्हणाला. "आणि तो आधी सांगून आला, त्याचे वेगळे कापले असते."

"दाखवा बरं आता, किती दुखतंय?"

त्यानं डावी मूठ वर केली. तिचा चेहरा पडलेला त्यानं मनसोक्त पाहून घेतला, आणि हसला. "झोपलीस की जागी आहेस, ते बघत होतो." मग त्यानं उजवा हात पुढे केला. मूठ मिटलेली होती.

नान्योंजोला तेवढ्यानं समाधान होईना. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि बोटं खरंच सैल आहेत ना, हे एकेक बोट उचलून पाहिलं. म्हाताऱ्यानं बघू दिलं.