दुसरी खाच

दीप्तीचा नवा कॉम्प्युटर सहा दिवसांत तेवीस वेळा बंद पडला. मी दुसरी इयत्ता शिकलेली बाई, पण मोजता येतं मला. चांगला चालता चालता निळा पडदा यायचा, त्यावर काहीतरी इंग्रजी, की केलेलं काम गेलंच.

दीप्ती माझी सून. तिनं तो आयता नाही आणला. सयाजीच्या दुकानातून एकेक भाग घेऊन स्वतःच्या हातानं जोडला. मंगळवार पेठेत मी घरोघर सांगून आले होते. कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याला साडीच्या काठाची बारा डिझाइनं शनिवारपर्यंत हवी होती. नाही मिळाली तर तो दुसऱ्याकडं जाणार. तिचं हे पहिलंच काम, आणि गुरुवार उजाडला तरी एक डिझाइन पुरं नव्हतं.

आत रॅमच्या दोन पट्ट्या असतात, कंगव्याएवढ्या. दीप्तीनं एकेक काढून बघितली, अदलाबदल करून बघितली. पहिल्या खाचेत कुठलीही पट्टी चालायची. दुसऱ्या खाचेत कुठलीही घातली की निळा पडदा.

"पट्ट्या चांगल्या हायत, आत्ती. ती खाचच खराब हाय."

"मग एकाच पट्टीवर चालव की."

"एवढी मोठी डिझाइनं एकीवर उघडतच न्हाईत."

मी गप्प बसले. माझं गप्प बसणं या घरात कुणी बघितलेलं नाही, पण दमलेल्या माणसाच्या ते ध्यानात येत नाही.

मंगळवारीच मी सयाजीच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाइकांच्या देखत, "कुजका माल खपवतोस व्हय रे?" म्हणून त्याला धुतला होता. तो आपला "बघतो की, काकू" म्हणत राहिला. आज तोच स्क्रूड्रायव्हर घेऊन घरी आला.

"बोर्ड कंपनीला पाठवावा लागंल," तो म्हणाला. "वीस दिवस धरा."

दीप्ती भांडली नाही. तिनं कबनूरला नाही म्हणून कळवायला फोन उचलला.

"ठेव तो," मी म्हणाले. "खाचेत कुंकू हाय."

दोघंही माझ्याकडं बघायला लागली.

जोडणीच्या दिवशी ती बजावून गेली होती, पूजा बाहेरच्या डब्याची करा, आत हात घालू नका. ती आंघोळीला गेली. आमच्या मालकांची पिठाची गिरणी होती. दसऱ्याला कुंकू दगडाला लावायचो, पत्र्याला नव्हे. जिथं काम होतं तिथं लावायचं. पट्ट्या अजून बसवायच्या होत्या. रिकाम्या खाचेवर बोट टेकवलं, कुंकू सांडलं, पदरानं पुसायला गेले तर उलट आत गेलं. वरून काही दिसेना. वाटलं, निभावलं.

"सहा दिवस ठाऊक होतं तुम्हाला?" दीप्तीनं विचारलं.

"संशय होता. म्हणून तर मंगळवारी एवढं वरडले."

"आणि कुजका माल माझा!" सयाजी म्हणाला. "दोन गिऱ्हाइकं चहा अर्धा टाकून पळाली ओ, काकू."

"चहा पाजत होतास म्हणजे त्यांनाबी काहीतरी गळ्यात मारत होतास."

तोंड माझं, अशा वेळीही थांबत नाही.

सयाजीनं पट्ट्या काढल्या. बारीक ब्रश फिरवला, कसलंसं औषध मारलं, हवा मारली. कागदावर तांबडी भुकटी पडली. टिकलीएवढीही नसेल. तिच्यापायी पोरीच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

दोन्ही पट्ट्या परत बसवून त्यानं तपासणी लावली आणि तो गेला. मशीन म्हणे पट्ट्यांचा कोपरान् कोपरा बघतं आणि चुका मोजतं. चार तास लागतात.

"जा, पड जरा," मी दीप्तीला म्हणाले. "मी बसते."

"तो आकडा शून्य हाय तवर ठीक. बदलला की हाक मारा."

शून्य मला दुसरीतच आलं होतं. अकरा ते तीन मी त्याच्यासमोर बसले. गुडघे धरले, पण उठले नाही. शेजारीण दोनदा डोकावली, तिला हातानंच वाटेला लावली. तीन वाजता आकडा होता तिथंच होता.

दीप्तीला उठवलं. तिनं पहिलं डिझाइन उघडलं. दुसरं उघडलं. माझ्याकडं न बघता कामाला लागली. मला तेवढं पुरे होतं.

मी चपला घातल्या.

"आता कुठं, आत्ती?"

"सयाजीकडं. दुकानात गर्दी हाय तवरच गेलं पायजे."