सबंध गोळीचे गाऱ्हाणे

“बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वयवाटीच्या, बारा वेशीच्या म्हाराजा!”

बाबलीने नारळ दोन्ही हातांनी डोक्यावर धरला आणि असा आवाज लावला, की खाडीपलीकडच्या माणसानेही टोपी सारखी करावी. देवबागच्या वाळूत जमलेली मंडळी खाकरून तयार झाली. म्हाताऱ्यांनी तर बसायला पालथ्या टोपल्या आणल्या होत्या.

“व्हय म्हाराजा!”

“आज होड्यो दर्यात घालतंव. संभाळ कर.”

आणि त्याने नारळ फोडला.

मंडळींचे पुढचे ‘व्हय म्हाराजा’ घशातच राहिले. कुणीतरी मागून एकट्यानेच म्हटले आणि लाजून गप्प झाला. देवाचाही हात आशीर्वादाला अर्धाच उचलला गेला असावा.

“बाबल्या,” लवूकाका टोपलीवरून उठत म्हणाले, “देवाक गाऱ्हाणां घातलंस की तार केलंस रे?”

“सांगूचा होता ता सांगलंय, काका.”

“आणि माझ्या गुडघ्याचा काय?”

लवूकाकांचा प्रश्न वाजवी होता. गाऱ्हाणे घालायचा मान बाबलीच्या घराण्याचा, आणि बाबलीचे गाऱ्हाणे म्हणजे एक प्रवास असे. होड्यांपासून सुरू झालेले गाऱ्हाणे मध्येच आकाशात घार दिसली की तिच्या मागे जाई. घारीवरून हौसाबाईच्या कोंबड्यांवर, कोंबड्यांवरून तिच्या मुंबईच्या मुलावर, मुलावरून गिरणीच्या भोंग्यावर. असे भटकत भटकत ते गावातल्या प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर बसून येई. देवाला त्यातले किती कळे देव जाणे. पण माणसे त्यात आपले नाव यायची वाट बघत उन्हात उभी राहत.

यंदा कुणाचेच नाव आले नाही. मंडळी पांगली. बाबली खोबऱ्याचे सारखे तुकडे करून केळीच्या पानावर मांडत राहिला. एकही तुकडा लहान-मोठा नव्हता. घ्यायला फारसे कुणी थांबले नाही.

याला कारण एक पांढरी गोळी होती, आणि गोळीला कारण तळेरे.

दोन पावसाळ्यांपूर्वी बाबली आणि सत्यवती देवगडला एका लग्नाला निघाली होती. तळेऱ्याला गाडी बदलायची. उन्हे तापलेली, म्हणून बायकोला ट्रंकेवर बसवून बाबली सोडावॉटरची बाटली आणायला गेला. वाटेत एक लॉरी आस मोडून पडली होती. बाबली नुसता बघायला वाकला, मग खाली शिरला, मग ड्रायव्हरच्या हातातला पाना त्याच्या हातात आला. आस बसला. बसला तो नीट बसला का, हे बघायला बाबली लॉरीत चढला. विजयदुर्गाला पोचल्यावर त्याला आठवले, की आपल्याला सोडा हवा होता. बायको त्यानंतर आठवली.

दिवेलागणीला कट्टा गावच्या कुणा ओळखीच्याने सत्यवतीला तिच्या भावाकडे, महादूकडे, पोचवले. ती तिथेच राहिली. भांडली नाही, निरोप धाडला नाही. कुणी विचारले तर ‘भावाकडे शेतीचा काम आसा’ म्हणे. कट्ट्याच्या शेतीला एवढे काम कधीच नसते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

बाबली आधी सरकारी दवाखान्यात गेला. तिथे त्याला जंतांचे औषध मिळाले, कारण त्या दिवशी सगळ्यांना तेच मिळत होते. मग तो मालवणच्या बाजारात रेगे डॉक्टरांच्या खासगी दवाखान्याची पायरी चढला. रेगे डॉक्टर मुंबईला शिकलेले, अविवाहित, आणि वाचनाचे शौकीन. त्यांच्याकडे परदेशी मासिके येत आणि तीनचार तालुक्यांत त्यांवर बोलायला कुणी नसे. बाबलीची हकीकत ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

“लक्ष भरकटण्याच्या या विकारावर गोळी निघाली आहे. तिकडे शाळेतल्या मुलांना देतात. एवढ्या मोठ्या माणसाला दिल्याचे माझ्या वाचनात नाही.”

“मगे माका नको?”

“नको कशी? तुम्हांला तर हवीच.”

मुंबईहून गोळ्या आल्या. डॉक्टरांनी पहिली गोळी ब्लेडने चार सारख्या तुकड्यांत कापली. पाव गोळीवर बाबलीने फाटलेले जाळे पुरे विणले, पण चहा चुलीवर आटून गेला. अर्ध्या गोळीवर जाळेही झाले आणि चहाही. सबंध गोळीवर मात्र घराची कौले परतली गेली, विहिरीचा काठ बांधला गेला, गेल्या आठ वर्षांत अर्धवट टाकलेले सगळे एकेक करून संपले. आणि मग एके दिवशी सकाळीच बाबलीच्या लक्षात आले, की आता करायला काही राहिले नाही आणि दिवस तर सगळाच पडला आहे.

डॉक्टरांनी नाडी धरली.

“काय फरक?”

“हात लावीन ता पुरां होता.”

“उत्तम. भूक?”

“नाय.”

“ते अपेक्षित आहे. आणखी?”

बाबली टेबलावरच्या स्टेथोस्कोपकडे बघत राहिला. पूर्वी त्याने तो एव्हाना उचलून स्वतःच्या गुडघ्याला लावून पाहिला असता.

“एकटो आसंय, डॉक्टर. आधी ह्या मनात येय ना येय, तवसर कावळो तरी ओरडा, नाय तर कोणाची होडी तरी दिसा. मगे इसारलां जाय. आता ताय पुरां होता.”

डॉक्टरांनी नाडी सोडली नाही. ती मोजून झाली होती, तरी त्यांचा हात तिथेच राहिला. मग ते म्हणाले, “अर्धीवर येऊ आपण. अर्धी सकाळी, न्याहारीनंतर.”

“येव्क हरकत नाय. पण बायकोक घराक हाडूक जातलंय, त्या दिसाक किती घेव?”

रेगे डॉक्टर खिडकीतून बाजाराकडे बघत बराच वेळ विचार करत होते. मासिकांत याविषयी काही आलेले नसावे.

“सबंध घ्या,” ते म्हणाले.

दिवाळी झाली आणि बाबली सबंध गोळी घेऊन कट्ट्याला उतरला.

पाऊस सरला की तिकडे घरोघर अंगणात सारवून नवे खळे धरतात आणि वर सावलीला माटव, म्हणजे मांडव, उभा करतात. महादूच्या दारात माटवाचे वासे उभे होते, नारळीचे विणलेले झाप भिंतीला टेकले होते, पण महादू तापाने आत निजला होता. सत्यवती खळे सारवत होती. ओल्या शेणावर पाय देता येईना, म्हणून बाबली कडेलाच उभा राहिला. तिने वर पाहिले आणि हात न थांबवता पुढचा पट्टा ओढला.

बाबलीने पाठ केलेले बोलायला सुरुवात केली.

“तळेऱ्याक माझी चूक झाली. माका डॉक्टर मिळालो हा, गोळी मिळाली हा. आता मी इसरूचंय नाय. तू घराक चल.”

“झाला?”

“झाला.”

“बरां बोललास. कोणी शिकवल्यान?”

कोपऱ्यातल्या फणसावर पोपटांचा थवा येऊन बसला आणि एकच गलका झाला. बाबलीने मान वळवली नाही. सत्यवतीने मात्र वळवली. पोपटांकडे पाहिले, मग त्याच्याकडे.

“थंय ट्रंकेर बसान,” बाबली म्हणाला, “तू काय करत होतंस?”

तिचा हात थांबला. दोन पावसाळ्यांत हे कुणी विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबली धावत आला होता तो हसतच, आणि आल्या आल्या त्याने लॉरीच्या आसाची गजाल सांगायला घेतली होती.

“काय करतलंय? वाट बघी होतंय.”

“आणि?”

मग ती सांगू लागली. आधी तुटक, शेणाकडे बघत. भजीवाल्याने पाणी दिले. देवगडची गाडी आली, तिने जागा धरली, पुन्हा उतरली. कंडक्टर ओरडला. मग तिला राग येईनासा झाला आणि भीती वाटू लागली. कुठे पडला असेल, कुणा गाडीखाली आला असेल. प्रत्येक लॉरी आली की ती उठून चाकांकडे बघायची. लग्नाचे लुगडे होते अंगावर. लोक बघत होते. दिवे लागले तेव्हा ती विधवा झाल्यासारखी रडली, आणि दुसऱ्या दिवशी नवरा आसाची गजाल सांगत दारात.

हे सांगायला तिला वेळ लागला. महादूची बायको शेवंतीवहिनी मध्ये दोनदा दाराशी येऊन गेली. रस्त्याने बैलगाडी गेली, एका बैलाची घुंगरे वेगळीच वाजत होती; ती बाबलीला ऐकू आली आणि त्याने ती जाऊ दिली. खळ्याच्या कडेला उभा राहून त्याने सगळे शेवटपर्यंत ऐकले. त्याचे तोंड कोरडे पडले होते. ते गोळीनेही पडते, असे डॉक्टर म्हणाले होते.

“ऐकलास?” तिने विचारले.

“ऐकलंय.”

“सगळां?”

“सगळां.”

सत्यवतीने कोपराने कपाळावरचे केस मागे सारले. आता काहीतरी बोलेल म्हणून बाबली वाट बघत होता.

“मगे आता इलासच हास, तर ते झाप बांधा. भाऊ तापान पडलो हा.”

बाबली कडेकडेने जाऊन वाशांवर चढला. देवबागच्या माणसाच्या हातात काथ्याचे सुंभ आले, की गाठ आपोआप पडते. एकामागून एक झाप चढले. खाली खळे वाळत गेले आणि त्यावर सावली पसरत गेली. अंगणातला उजेड कमी होत होता आणि काम त्याहून लवकर कमी होत होते. शेवटचा कोपरा उरला तेव्हा बाबली हातात सुंभ धरून थांबला. दोन गाठी. त्या मारल्या की खाली उतरायचे, पाय धुवायचे, आणि मालवणची गाडी धरायची.

तो खाली उतरला. उरलेल्या सुंभाची त्याने घट्ट, एकसारखी गुंडाळी केली आणि खुंटीला लावली.

सत्यवती हात धुऊन बाहेर आली. वर तो कोपरा उघडा होता. झाप एका बाजूने लोंबत होता आणि त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता. तिने तो पाहिला. मग खुंटीवरची गुंडाळी पाहिली. तिच्या लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत बाबलीने एकही अर्धवट काम असे आवरून ठेवलेले नव्हते.

“कोपरो रवलो,” ती म्हणाली.

“रवलो खरो.”

“गोळी घेतलास मां आज?”

“सबंध.”

बाबलीने चपला पायात घातल्या. रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, तसा तो निघाला. तो कुंपणाच्या बेड्यापर्यंत पोचला तेव्हा मागून तिचा आवाज आला.

“उद्या येताना थोडे तारले घेवन येवा. हंय कट्ट्याक मासे शिळे येतत.”