वास्तुशांतीच्या गोळ्या

मी कुणावर पटकन विश्वास ठेवत नाही. तीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढलीत. भाजीवाल्याचा तराजूसुद्धा हातात घेऊन बघणारी बाई मी. सत्त्याण्णव साली अंशुमनने, माझ्या मुलाने, नोएडात सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला तेव्हा मी बिल्डरवर संशय घेतला, लिफ्टवर घेतला, आणि सुनेवर तर घेतच होते.

सून मीनाक्षी. वाईट नव्हती हो. पण विसरभोळी, आणि कामाच्या वेळी नेमकं काहीतरी दुखायचं तिचं. निदान मला तसं वाटायचं.

वास्तुशांतीचा मुहूर्त काढला, तर तो नेमका तिच्या अडचणीच्या दिवसांत येत होता. घरची सूनच पाटावर नको? मी केमिस्टकडे गेले आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेऊन आले. त्याने चिठ्ठी मागितली नाही, मी दाखवली नाही. मीनाक्षी म्हणाली, "आई, एकदा डॉक्टरांना विचारू या का?" मी म्हटलं, "त्यात काय विचारायचंय? गौरीला, लग्नाला सगळ्याच घेतात." ती विसरेल, खरं सांगायचं तर मुद्दाम टाळेल, म्हणून स्ट्रिप मी माझ्याच पर्समध्ये ठेवली. सकाळ-संध्याकाळ गोळी तिच्या हातावर ठेवायची, पाणी द्यायचं आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही.

मग गुरुजींच्या घरी सुतक आलं, मुहूर्त दहा दिवस पुढे गेला. मग सोसायटीची पाण्याची मोटर जळाली, आणखी पुढे. नव्या स्ट्रिप आणून गोळ्या चालूच.

चौथ्या आठवड्यात तिचं डोकं दुखायला लागलं. आडवं पडलं की जास्त, खोकलं की जास्त. सकाळी उलट्या. "आई, मला दोन-दोन दिसतंय," म्हणाली. मी मनात म्हटलं, अच्छा! पन्नास पानांचा स्वयंपाक दिसतोय हिला. नाचता येईना अंगण वाकडं. तोंडाने बोलले ते त्याहून वाईट. "नाटकं पुरे झाली," म्हटलं, आणि गोळी पुढे केली. तिने ती घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोरणाची फुलं ओवता ओवता तिचा उजवा हात ताडताड उडायला लागला. मग सगळं अंगच. डोळे वर गेले. अगंबाई! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. अंशुमनने तिला उचलून मारुतीत घातलं आणि आम्ही जवळच्या नव्या प्रायव्हेट हॉस्पिटलात पोचलो. संगमरवरी फरशी, काचेची दारं. हॉस्पिटल की हॉटेल, तेच कळेना. मी पर्स छातीशी धरून बसले.

सीटी स्कॅन झाला. गिरिजा नावाची तरुण डॉक्टर फिल्म घेऊन बाहेर आली. मेंदूत थोडं रक्त सांडलंय, म्हणाली. पण एवढ्या तरुण मुलीला, अशा जागी? तिला शिरेतल्या गुठळीची शंका येत होती. एमआरआय करायला हवा होता. मशीन खालच्या मजल्यावर, गेल्या महिन्यातच आलेलं.

"बघ," मी अंशुमनला मराठीत म्हटलं, "नवं मशीन आलंय ना, चालवायला नको? सही करू नकोस. आपण दुसरीकडे जाऊ."

डॉक्टरने त्याला विचारलं, "कोई गोली लेती हैं? हार्मोन की? उनसे भी खून जमता है."

"नहीं, कुछ नहीं," तो म्हणाला. त्याला ठाऊकच नव्हतं. असल्या गोष्टी आमच्यात पुरुषांना सांगत नाहीत.

मी पर्सची चेन घट्ट ओढली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. पर्स मांडीवर जड वाटायला लागली.

अंशुमन फॉर्म हातात धरून माझ्याकडे बघत उभा. डॉक्टर आता माझ्याशी बोलायला लागली, हिंदीत, सावकाश. नाली तुंबली की पाणी मागे चढतं आणि भिंतीतून पाझरतं, तसंच हे असू शकतं. तसं असेल तर रक्त पातळ करायचं इंजेक्शन आत्ता द्यायला हवं. नुसताच रक्तस्राव असेल, तर त्याच इंजेक्शनने ती जाईल. "मला अंदाजावर चालता येणार नाही, माताजी. वेळही नाही."

उघड्या दारातून मीनाक्षी दिसत होती. उजवा हात चादरीवर तसाच पडलेला, बोटांना अजून झेंडूचा पिवळा रंग. ती मेली असती तरी ही गोष्ट कुणाला कळली नसती. हा विचार माझ्या मनात आला, आणि मला माझीच किळस आली.

मी पर्स उघडली. स्ट्रिप डॉक्टरच्या हातात दिली. "छब्बीस दिन," म्हटलं. "मैंने दी."

अंशुमनने स्ट्रिपकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने फॉर्मवर सही केली.

गुठळीच निघाली. इंजेक्शनं सुरू झाली. अकराव्या दिवशी ती घरी आली. दिसायला नीट लागलं होतं, उजव्या हाताची पकड मात्र अजून कच्ची होती. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या आता कित्येक महिने घ्यायच्या होत्या. वास्तुशांत राहिली ती राहिलीच. तिचं नाव कुणी काढत नाही.

पहिल्या संध्याकाळी सवयीने मीच गोळी तळहातावर घेऊन गेले, दुसऱ्या हातात पाणी.

"आई, स्ट्रिप कुठाय?" ती म्हणाली.

मी आणून दिली. तिने नाव वाचलं, एकेक अक्षर. डॉक्टरांचा कागद उघडून ताडून पाहिलं. माझ्या हातातली गोळी घेतलीच नाही; स्ट्रिपमधून दुसरी काढायला लागली. बोटांना जमेना, गोळी गादीवर पडली. मी हात पुढे केला.

"नको," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. स्ट्रिप तिने आपल्या उशीखाली सारली. "तुम्ही जा आत. मी घेते."

लागलं मला. फार लागलं. पण तिचं काय चुकलं? ती गिळेपर्यंत उभं राहावं, असं पायांना वाटत होतं. मी ग्लास तिच्या डाव्या हाताशी ठेवला आणि आत गेले.